घरच्या डब्याचं संशोधन: माझ्याच लेखाची चिरफाड



गेल्या वर्षी जूनमध्ये मी इथेच ‘कॅन्टीन सोडा, डबा न्या: संशोधन काय सांगतं?’ असा एक लेख लिहिला होता. आजवर मी लिहिलेल्यांपैकी सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच. मावशीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो माझं नाव कापून फिरला आणि तिथून ‘वाच, तुझ्या उपयोगाचं आहे’ असं म्हणून परत माझ्याकडेच आला. (त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, कबूल करतो.)

आज त्याच लेखाची चिरफाड करायची आहे. तो सगळाच चुकला होता असं नाही. पण मूळ शोधनिबंधात जे नव्हतं ते मी त्यातून काढलं, जे होतं त्यातलं अर्धं तुम्हाला सांगितलं नाही, आणि एक प्रश्न तर मला सुचलाच नाही. तो सुचायला आईचं मनगट मोडावं लागलं.

फेब्रुवारीत आई भाजी घेऊन येताना जिन्यात पाय घसरून पडली. डाव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. आमच्या घरून सकाळी दोन डबे निघतात, बाबांचा साडेसातला आणि माझा साडेआठला. आता ते कोण भरणार? बाबांनी चहा आणि कुकर घेतला, पोळीभाजी माझ्याकडे आली. मी पीएचडी करतो ती द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश मोजण्यावर. मायक्रोग्रॅमच्या खाली बोलायची सवय. आणि कणकेत पाणी किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. आई खुर्चीत बसून म्हणाली, ‘लागेल तसं.’ अशी कृती माझ्या लॅबच्या वहीत लिहिली तर गाइड मॅडम वही परत करतील.

पहिल्या दिवशी दोन डब्यांना पावणेदोन तास लागले. पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं. तिसऱ्या आठवड्यात हात जरा बसला तेव्हा मी सवयीनं एक वही केली आणि वेळा लिहायला लागलो. कणीक मळायला दहा मिनिटं. ती मुरेपर्यंत भाजी चिरायला पंधरा (गवार असेल तर पंचवीस, गवार मोडायचं काम रात्रीच उरकावं हे आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, पहिल्या दिवशी का नाही सांगितलं माहीत नाही). फोडणीपासून भाजी शिजेपर्यंत वीस. आठ पोळ्यांना पंचवीस. डबे भरणं, ओटा पुसणं, तवा घासणं मिळून पंधरा. काही कामं एकमेकांत बसतात, तरी सव्वा तासाच्या खाली मी सहा आठवड्यांत एकदाही आलो नाही. संध्याकाळचं डबे घासणं वेगळं. आणि ‘उद्या काय करायचं’ हा रात्री दहा वाजता डोक्यात फिरणारा प्रश्न कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच दिवसांत एकदा दुपारी लॅबमध्ये माझी मीच केलेली करपलेली पोळी खाताना मी जूनमधला लेख पुन्हा उघडला. त्यात एक वाक्य होतं: ‘घरचा डबा हा आरोग्य सुधारण्याचा सगळ्यात सोपा आणि जवळजवळ फुकट मार्ग आहे.’ सोपा? फुकट? घास घशात अडकला म्हणतात तसं झालं. मग मूळ शोधनिबंध काढला आणि या वेळी सारांशावर न थांबता नीट वाचला.

आधी तो निबंध काय आहे ते सांगतो. २०१७ साली सुझॅना मिल्स आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर परगण्यात ‘फेनलंड स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास चालतो, त्यातल्या २९ ते ६४ वर्षं वयाच्या ११,३९६ लोकांची माहिती त्यांनी वापरली. घरी शिजवलेलं मुख्य जेवण आठवड्यातून किती वेळा जेवता हे लोकांनी स्वतः सांगायचं. मग आठवड्याला पाचपेक्षा जास्त वेळा जेवणारे आणि तीनपेक्षा कमी वेळा जेवणारे यांची तुलना. पहिल्या गटातले लोक रोज सरासरी ६२ ग्रॅम फळं आणि ९८ ग्रॅम भाज्या जास्त खात होते. त्यांचं वजन प्रमाणाबाहेर असण्याची शक्यता २८ टक्के कमी होती, आणि शरीरात जादा चरबी असण्याची २४ टक्के.

हे २८ आणि २४ मी लेखात ठळक अक्षरांत दिले होते. आता चुका मोजू.

पहिली चूक इतकी ढोबळ आहे की लिहितानाही लाज वाटते. अभ्यास घरी शिजवलेल्या मुख्य जेवणाचा आहे. कामावर नेलेला दुपारचा डबा हा त्याचा विषयच नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवून रात्री घरी वरणभात खाणारा माणूस त्यात ‘घरचं जेवणारा’ या गटात सहज बसेल. मी ‘घरचं जेवण’ वाचलं आणि डोळ्यांपुढे स्टीलचा डबा आला, कारण मी मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलोय. केंब्रिजशायरमधल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल कोण जाणे, कणीक नक्कीच नाही.

दुसरी चूक त्या २८ टक्क्यांची. हे जरा सावकाश वाचा, कारण वर्तमानपत्रांतल्या आरोग्याच्या निम्म्या बातम्यांना ते लागू पडतं. अशा अभ्यासांत ‘शक्यता इतके टक्के कमी’ हा आकडा बहुतेकदा ऑड्स रेशोतून आलेला असतो. ऑड्स म्हणजे ‘असलेले भागिले नसलेले’. समजा (आकडे माझे, फक्त समजण्यासाठी) बाहेरचं खाणाऱ्या १०० जणांत ६० जणांचं वजन जास्त आहे. ऑड्स झाले ६० भागिले ४०, म्हणजे दीड. ते २८ टक्क्यांनी कमी केले की उरतात १.०८. हे पुन्हा माणसांत बदललं तर १०० पैकी साधारण ५२ जण जाड. म्हणजे ६० चे ५२ झाले. फरक आहे, नाही असं नाही. पण शंभरात आठ माणसांचा फरक. ‘२८ टक्के’ वाचून तुमच्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं ते हे नव्हतं. माझ्याही नव्हतं, आणि मला ते कळायला हवं होतं.

तिसरी गोष्ट चूक नाही, लपवाछपवी आहे. त्याच निबंधात लिहिलंय की वय, लिंग, आर्थिक-सामाजिक स्थिती वगैरेंचा हिशेब केल्यावर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी या तिन्हींत लक्षणीय फरक उरला नाही. तीन! आणि मी जूनच्या लेखात यातलं एक अक्षर लिहिलं नाही. विसरलो असंही नाही. सारांशात ते आहे, मी वाचलं होतं, आणि ‘यानं लेखाचा जोर जाईल’ असं वाटून गाळलं. लेखक मंडळी मात्र प्रामाणिक होती. हा एका वेळचा फोटो आहे, कारण आणि परिणाम यावरून ठरत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं लोकांच्या मागे राहून अभ्यास करावा लागेल, असं त्यांनी स्वतःच म्हटलंय. जोर मी चढवला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो समजावण्यासाठी तुम्हाला जरा आमच्या लॅबमध्ये यावं लागेल.

आमच्याकडे एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. द्राक्षांचा अर्क काढून त्यात सोडला की एका बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, त्यातले पदार्थ आपापल्या वेगानं पुढे सरकतात आणि एकेक करून बाहेर पडतात. प्रत्येक पदार्थ बाहेर पडला की पडद्यावर एक टेकडी उमटते. तिला आम्ही ‘पीक’ म्हणतो. (शेतातलं नव्हे. माझ्या शेतकरी मामाला हे सांगताना पहिले दोन दिवस फार घोळ झाला.) टेकडी जितकी मोठी तितका पदार्थ जास्त. आता गंमत अशी की कधीकधी दोन वेगळे पदार्थ नेमके एकाच वेळी बाहेर पडतात. पडद्यावर टेकडी एकच दिसते, सुबक. नवखा विद्यार्थी तिच्यावर नाव लिहितो, ‘अमुक कीटकनाशक, इतकं’. प्रत्यक्षात त्या टेकडीत निम्मा दुसराच कोणीतरी असतो. असा रिपोर्ट मी पहिल्या वर्षी दिलाय, आणि बोलणीही खाल्लीत. उपाय एकच: कॉलम बदला, वेग बदला, दोघांना वेगळं करा आणि मग बोला.

‘घरचं जेवण’ ही तशी टेकडी आहे. तिच्यात अन्न आहे, हे खरं. पण त्याबरोबर वेळही आहे: दिवसाला सव्वा तास मोकळा असलेलं कोणीतरी. पैसा आहे. बरी नोकरी आहे, जिच्यात रात्री आठला घरी पोचता येतं. आणि बहुतेक घरांत एक बाई आहे. हे सगळं एकदमच बाहेर पडतं आणि आपण त्यावर चिठ्ठी चिकटवतो, ‘घरचं, सकस’. संख्याशास्त्रानं यातलं काही वेगळं करता येतं, फेनलंडच्या लोकांनी तसा प्रयत्नही केला. पण जे मोजलंच नाही ते वेगळं कसं करणार?

आणि स्वयंपाक करणारं माणूस बहुतेक वेळा मोजलेलं नसतं. अमेरिकेत ‘न्हेन्स’ नावाचं राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण होतं. घरचा स्वयंपाक आणि आहाराचा दर्जा यांवरचा २०१५ चा एक गाजलेला निबंध त्याच्याच माहितीवर उभा आहे. त्यातला प्रश्न साधारण असा: गेल्या सात दिवसांत तुम्ही किंवा तुमच्या कुटुंबातल्या इतर कोणी घरी रात्रीचं जेवण किती वेळा शिजवलं? ‘तुम्ही किंवा इतर कोणी’. या ‘किंवा’ मध्ये माझ्या आईची पंचवीस वर्षं बसतात. जेवणारा आणि रांधणारी यांना एका उत्तरात घातलं, आणि मग वजन, रक्त, आहार सगळं तपासलं ते उत्तर देणाऱ्याचं.

आपल्याकडे ही ‘इतर कोणी’ कोण असते याचा आकडा उपलब्ध आहे. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. दिवसभरात घरातली बिनपगारी कामं केली असं सांगणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. यात नुसता स्वयंपाक नाही, झाडलोट, धुणंभांडी सगळं आहे. पण २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. मी सव्वा तासाची वही करून हुतात्मा झाल्यासारखा वावरत होतो.

मला आता असं वाटतं की डब्याबद्दलच्या आपल्या सगळ्या कौतुकातच ही गफलत आहे. मुंबईचे डबेवाले घ्या. १८९० च्या सुमारास सुरू झालेली ही व्यवस्था, कोविडच्या आधी पाच हजारांच्या आसपास माणसं रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवत होती. १९९८ साली ‘फोर्ब्स’मध्ये लेख आला, त्यानंतर ‘सिक्स सिग्मा’ हे बिरुद त्यांना चिकटलं (त्याचा काटेकोर अर्थ दहा लाखांत साडेतीनपेक्षा कमी चुका). २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स भेटून गेले, २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं केस स्टडी केली. हे कौतुक त्यांचं हक्काचंच आहे, भर पावसात लोकलमध्ये डब्यांचा पाटा डोक्यावर घेऊन चढणाऱ्या माणसाबद्दल मी काय बोलणार. मला खटकतं ते एवढंच, की या सगळ्या मोजमापात घड्याळ सुरू होतं ते डबेवाला दारात आल्यावर. नऊच्या ठोक्याला डबा तयार असतो हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. तो नऊला तयार कसा असतो, दोन लाख स्वयंपाकघरांत रोज चूक होत नाही म्हणजे काय होतं, याची केस स्टडी कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

उलट एका सिनेमानं ते केलं. रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) तुम्ही पाहिला असेल. त्यातली गोष्ट प्रेमाची म्हणून लोकांच्या लक्षात राहते. मला या वेळी पाहताना त्यातला दुसरा डबा दिसला. इलानं नवऱ्यासाठी जीव ओतून केलेला डबा चुकून साजन फर्नांडिसकडे जातो, आणि साजनचा खानावळीतला डबा तिच्या नवऱ्याकडे. संध्याकाळी नवरा घरी येतो आणि फ्लॉवरची भाजी चांगली होती म्हणतो. तिनं फ्लॉवर केलेलाच नसतो! म्हणजे जेवणाऱ्याला घरचं आणि बाहेरचं यातला फरक चवीवरून कळला नाही. आता हा नवरा आमच्या एखाद्या सर्वेक्षणात बसला असता तर त्यानं छातीठोकपणे काय लिहिलं असतं? ‘घरचं जेवण, आठवड्याला सहा वेळा.’ स्वतः सांगितलेल्या माहितीवर संशोधक इतके चिडतात ते याचसाठी.

बरं, चिठ्ठी बाजूला ठेवून डबा उघडला तर आत काय असतं? हे मी काही दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून पाहिलं (लॅबच्या काट्याजवळ पोळी नेली तर मला काढून टाकतील). माझ्या डब्यात पोळ्या तीन-चार, आणि भाजी एक छोटा कप्पा, तीतही बटाटा असला की भाजी नावालाच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवतात. माझा कप्पा सव्वाशे ग्रॅमच्या पुढे कधी गेला नाही. वर लोणचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आमच्या घरातल्या कैरीच्या लोणच्याला ते कोणी सांगितलेलं नाही. हा डबा शंभर टक्के घरचा होता. फेनलंडमधले ते ९८ ग्रॅम त्यात आपोआप येत नाहीत, ते कोणीतरी निवडून, धुऊन, चिरून घालावे लागतात.

तापमानाचंही तसंच. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेरच्या तापमानाला ठेवू नये असं हीच संघटना सांगते. आमचा डबा साडेआठला भरतो आणि एकला उघडतो. पोळी आणि सुकी भाजी एवढ्यात बिघडत नाही, कारण त्यांत पाणी कमी असतं; आपल्या आज्यांनी प्रवासाला दशम्या दिल्या, आमटी दिली नाही. पण मे महिन्यात वरणभात नेत असाल तर सावध राहा. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजाणूरूपं असू शकतात, ती भात शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात आणि कोमट भातात मजेत वाढतात. या बाबतीत बारा वाजता कॅन्टीनच्या भांड्यातून वाफाळता वाढलेला भात जास्त सुरक्षित आहे. कॅन्टीनबद्दल चांगलं बोललो म्हणून रागावू नका.

कारण कॅन्टीनवरही मी जूनमध्ये अन्यायच केला होता. आमच्या संस्थेच्या कॅन्टीनचं जेवण वाईट आहे, यात वाद नाही. तीच लाल ग्रेव्ही, सोमवारी पनीर, मंगळवारी मटार, बुधवारी दोन्हीतलं उरलेलं. पण ते वाईट आहे याचं कारण ते ‘बाहेरचं’ आहे हे नव्हे. सगळ्यात कमी पैशांत देईल त्याला कंत्राट मिळतं, थाळीचा दर गोठलेला, तेल वाढलेलं. मग तेल पुन्हा पुन्हा तापतं. वापरलेल्या तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून २५ टक्के ठरवली आहे आणि ती मोजणारी हातातली यंत्रं मिळतात. आमच्या कॅन्टीनमध्ये ती कोणी मोजताना मी पाहिलेलं नाही. मोजायला लागणारी माणसं मात्र वरच्या मजल्यावर भरपूर आहेत, त्यांतला एक मी. गेली चार वर्षं मी त्यावर काय केलं? डबा नेला.

आणि ‘बाहेरचं’ म्हणजे नेहमी असंच, हेही खरं नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले एकटे कामगार बायकांनी घरात चालवलेल्या खानावळींत जेवत. ते घरचं की बाहेरचं? शिजलं कोणाच्या तरी घरातच, फक्त त्याचे पैसे मोजले जात. तेही तुटपुंजे, उधारीवर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे: त्या बायकांच्या कामाला दर होता, म्हणून ते दिसलं, म्हणून त्यावर भांडता आलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या सव्वा तासाला दर नाही, म्हणून मी बिनदिक्कत ‘जवळजवळ फुकट’ लिहून मोकळा झालो.

मग खरा अभ्यास कसा असावा? मला विचाराल तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत: काही जणांना सहा महिने घरचा डबा, काही जणांना तेवढ्याच तेलाचं, तेवढ्याच भाजीचं नीट चालवलेल्या कॅन्टीनचं जेवण. मग अन्न एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, टेकडी फुटेल. आणि दोन्ही गटांत डबा खाणाऱ्याबरोबर डबा करणाऱ्या व्यक्तीचीही नोंद व्हावी. तिची झोप किती तास, तिचं वजन, तिचा रक्तदाब, ती दुपारी काय आणि किती वाजता जेवते. आमच्याकडे आई दोन डबे भरल्यावर उरलेली पोळी उभ्यानं चहात बुडवून खाते. ‘घरचं जेवण, आठवड्याला सात वेळा’, तिच्या नावापुढे हेच लिहिलं जाईल.

मार्चच्या शेवटी प्लॅस्टर निघालं. मला वाटलं होतं आई म्हणेल, आता तूच कर. तसं काही झालं नाही. त्या सहा आठवड्यांत ती रोज सव्वापाचला जागी व्हायची आणि काय करावं न कळून पडून राहायची, हे तिनं नंतर सांगितलं. चौथ्या आठवड्यात एकदा साडेसहापर्यंत झोप लागली, तेव्हा दचकून उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली. ‘बरं वाटलं का?’ विचारलं तर म्हणाली, ‘अपराधी वाटलं. मग बरं वाटलं.’ हे मी माझ्या वहीत लिहिलंय, पण त्याचं एकक मला माहीत नाही.

प्लॅस्टर निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा ओट्यापाशी उभी होती, आणि मी भाजी चिरायला घेतली तर ‘तुझे तुकडे एकसारखे नसतात, शिजत नाहीत’ म्हणून विळी ओढून घेतली. बरीच वादावादी होऊन आता असं ठरलंय: मंगळवार-गुरुवार मी आणि बाबा दोघंही कॅन्टीनमध्ये जेवतो. बाकीचे तीन दिवस भाजी माझी, पोळ्या तिच्या, कारण माझ्या पोळ्या एक वाजता वाकत नाहीत, मोडतात. डबे घासायचे बाबांनी. शनिवारी ज्याला जे मिळेल ते. संस्थेच्या कॅन्टीन समितीत पीएचडीच्या विद्यार्थ्यांची एक जागा दोन वर्षं रिकामी होती, तिथे मी नाव दिलंय. पहिल्या बैठकीत तेल मोजण्याचं यंत्र मागणार आहे.

जूनचा लेख मी काढून टाकलेला नाही. चुकलेला निकाल खोडरबरानं पुसायचा नसतो, त्यावर एक रेघ मारून शेजारी सही-तारीख घालायची असते, असं आम्हाला एम.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. त्याप्रमाणे ‘सगळ्यात सोपा आणि जवळजवळ फुकट’ या शब्दांवर रेघ मारून पुढे लिहिलंय: ‘दोन डबे, सव्वा तास. कोणाचा, ते विचारा.’ मावशीच्या ग्रुपवर मात्र जुनाच फिरतोय. तुमच्याकडे आला तर हा त्याच्या मागोमाग पाठवा, नाव कापलं तरी चालेल.